पार्किंगच्या कडेची झाडं आणि आडोसा : नियम लिहायचा तर कसा?

पायवाट

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे आणि त्यातलं 'मोकळं पार्किंग, हद्दीचं कुंपण व झाडी' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. मी ना वास्तुरचनाकार, ना माळी. ठिकठिकाणच्या नियमावल्या चाळून एक कच्चा मसुदा केलाय. फाडाफाडी करा, रागावणार नाही.

क) रस्त्याला लागून असलेल्या पार्किंगच्या कडेने १.५ मीटर रुंदीचा हिरवा पट्टा. त्यात सलग झुडपं, उंची किमान १.२ मीटर.
ख) दर ८ गाड्यांमागे १ झाड.
ग) शेजारच्या भूखंडाच्या हद्दीवर १.८ मीटर उंचीची भिंत किंवा दाट झाडी, आवाजाचा आणि प्रकाशाचा त्रास होऊ नये म्हणून.
घ) कचऱ्याच्या पेट्या, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर बाहेरून दिसणार नाहीत असे झाकलेले.

समितीत सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हाच शंका आली की काहीतरी सुटतंय.

नकाशावाली

नकाशे काढणं हाच माझा धंदा असल्यामुळे राहवत नाही. मसुदा वाईट नाही, पण कुठलं कलम कशासाठी आहे ते कुठेच नाही. ते नसलं की माणसं माप पाळतात आणि हेतू बुडवतात.

'क' घ्या. रस्त्याकडेच्या झुडपांचं पहिलं काम म्हणजे गाडीच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत किंवा खिडकीत जाऊ न देणं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मोटारीचा डिपर जमिनीपासून ५०० ते १२०० मिलिमीटरच्या दरम्यान बसवावा लागतो. म्हणजे तुमची १.२ मीटर उंची बरोबर आहे. बऱ्याच नियमावल्या ९० सेंटिमीटरवर थांबतात.

पण हीच उंची गाड्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी धोक्याची. मोटारीत बसलेल्या माणसाचा डोळा रस्तारचनेच्या अमेरिकी हिशेबात १.०८ मीटरवर धरतात. १.२ मीटरची दाट हेज म्हणजे त्याच्यासाठी भिंतच. आणि चार-पाच वर्षांचं मूल साधारण तेवढ्याच उंचीचं असतं, ते हेजमागून पळत आलं तर दिसणारच नाही. म्हणून बाहेर पडण्याच्या दोन्ही बाजूंना दृष्टीचा त्रिकोण मोकळा ठेवतात : त्यात झुडपं ६० ते ७५ सेंटिमीटरच्या आत आणि झाडाच्या फांद्या साधारण २.१ मीटरच्या वर. मधला पट्टा आरपार दिसला पाहिजे.

तुमच्या 'क'मध्ये 'सलग' हा शब्द आहे, तो या त्रिकोणाच्या आड येतो. तिथे अपवाद लिहा. नाहीतर उद्या कुणीतरी नियमावर बोट ठेवून गेटच्या तोंडाशी हेज लावेल, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

चाकोरी

मी पार्किंग चालवतो. कागदावरचा पट्टा आणि जमिनीवरचा पट्टा यांत फरक पडतो तो गाडीच्या नाकामुळे. चाक कर्बला टेकलं की गाडीचं नाक पट्ट्यावर ६०-७५ सेंटिमीटर पुढे येतं. दीड मीटरच्या पट्ट्यातला जवळजवळ अर्धा भाग बंपरखाली. तिथली झुडपं पहिल्या पावसाळ्यानंतर दिसत नाहीत. मग सगळे म्हणतात माळी नीट नाही.

एकतर व्हील स्टॉपर (चाक अडवणारा ठोकळा) बसवा, नाहीतर पट्टा मोजायला सुरुवातच नाकाच्या पुढून करा. स्टॉपरलाही माणसं अडखळतात, त्यामुळे मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने. नाकाखालच्या जागेत खडी टाका, झाड नको.

दुसरं, माणूस सरळ रेषेत चालतो. गाडी लावली की दाराकडे. मध्ये हेज आली तर तो वळसा घालत नाही, हेज तुडवतो. जिथे पायवाट पडणार (धागाकर्त्यांना उद्देशून नाही!) तिथे आधीच मीटरभराची वाट सोडा.

उगाच_एक

वाचनखूण साठवली. आमच्याकडे 'दाट झाडी' म्हणून लावलेल्या कुंड्या आहेत. रिकाम्या. त्या मोजल्या जातात का?

नकाशावाली

@उगाच_एक, मोजल्या जातात, कारण कुणी मोजू नका असं लिहिलेलं नसतं :) कुंडी हलवता येते, म्हणून ती आडोशात धरू नये असं एक वाक्य पुरतं.

@चाकोरी, नाकाच्या मुद्द्याला +१. मी नकाशावर गाडीचं नाक तुटक रेषेने दाखवते, त्याने निम्मे वाद तिथेच मिटतात.

मुळाक्षर

उशिरा आलो, पण 'ख'वर कुणी बोललेलं दिसत नाही आणि सगळ्यात मोठं भगदाड तिथेच आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

'दर ८ गाड्यांमागे १ झाड' हा जगभर सापडणारा नियम आहे, कुठे ८, कुठे १०, कुठे १२. मोजायला सोपा म्हणून अधिकाऱ्यांना आवडतो. झाडाला मात्र आकडा कळत नाही. त्याला माती लागते.

हिशेब मांडतो. एका गाडीला २.५ बाय ५ मीटर जागा, त्यात जाण्यायेण्याची वाट धरली की साधारण २३ चौरस मीटर. ८ गाड्या म्हणजे १८४ चौरस मीटर डांबर किंवा ब्लॉक. तुमचं एक झाड सगळं मनासारखं होऊन ८ मीटर व्यासाच्या डेऱ्याचं झालं, तर त्याची सावली ५० चौरस मीटर. म्हणजे २७ टक्के. हे सगळ्यात चांगल्या दिवसाचं चित्र.

आता माती. झाडाच्या डेऱ्याच्या दर चौरस मीटरमागे ०.३ ते ०.६ घनमीटर मोकळी माती हवी, असा ढोबळ ठोकताळा वृक्षतज्ज्ञ वापरतात. ५० चौरस मीटरच्या डेऱ्याला १५ ते ३० घनमीटर. तुम्ही एका गाडीची अख्खी जागा झाडाला दिलीत आणि ९० सेंटिमीटर खोल चांगली माती भरलीत, तरी होते सव्वाअकरा. आणि अख्खी जागा देतं कोण? देतात मीटरभराचं चौकोनी आळं, भोवती मुरूम टाकून रोलरने दाबलेला, वर ब्लॉक. मोठ्या माणसाला पाळण्यात झोपवायचा प्रकार. झाड पाचेक वर्षं तग धरतं, मग खुजं राहतं किंवा ब्लॉक उचलायला लागतं, आणि मग 'मुळं त्रास देतात' म्हणून तोडतात.

अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहराने १९८३ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. झाडं मोजायची नाहीत, सावली मोजायची : बांधल्यापासून १५ वर्षांत फरसबंदीच्या ५० टक्के भागावर सावली हवी. नियम उत्तम. २००१ साली ग्रेग मॅकफर्सन या वनशास्त्रज्ञाने १५ पार्किंगांच्या पाहणीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळची सावली निघाली १४ टक्के, आणि त्यातही ४४ टक्के वाटा पत्र्याच्या-छपराच्या सावलीचा! सगळी पार्किंगं १५ वर्षांची होतील तेव्हाचा अंदाज २७ टक्के. शिवाय ऐन गर्दीच्या वेळीसुद्धा ३६ टक्के जागा रिकाम्या होत्या. हा आकडा चाकोरींनी लक्षात ठेवावा, कारण पुढे ते 'झाडामुळे जागा जाते' म्हणणार आहेत.

तेव्हा 'ख'मध्ये झाडांची संख्या ठेवायची तर ठेवा, पण शेजारी दोन आकडे लिहा : दर झाडामागे किती घनमीटर माती, आणि किती वर्षांनी किती सावली.

सांजवात

मुळाक्षर, सुंदर प्रतिसाद. एक बाळबोध प्रश्न. सावलीचा एवढा आग्रह का? गाडी तापते एवढंच ना?

मुळाक्षर

@सांजवात, प्रश्न बाळबोध नाही. सॅक्रामेंटोशेजारच्या डेव्हिस गावात उन्हातल्या आणि सावलीतल्या गाड्या मोजून पाहिल्या होत्या, १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला. सावलीतल्या गाडीच्या आतलं तापमान सुमारे २६ अंश सेल्सिअसने कमी भरलं, पेट्रोलच्या टाकीचं २ ते ४ अंशांनी. टाकी तापली की उभ्या गाडीतूनही पेट्रोलची वाफ सुटत राहते, आणि तीच उन्हात जमिनीलगतचा घातक ओझोन तयार व्हायला हातभार लावते. म्हणजे बंद गाडीसुद्धा हवा बिघडवते, फक्त उन्हात जास्त.

चाकोरी

म्हणणारच आहे, मुळाक्षर :) जागा जाते. ३६ टक्के रिकाम्या होत्या ते तिथलं, सगळीकडे तसं नसतं. माझ्याकडे संध्याकाळी गाडी लावायला रांग असते.

आणि सावलीच हवी तर छप्पर का नको? छपराला माती लागत नाही, पानं गळत नाहीत, पक्षी बसून गाड्या रंगवत नाहीत. वर सौर पॅनेल टाकले की वीजही. फ्रान्सने तर मार्च २०२३ च्या कायद्याने १५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या मोकळ्या पार्किंगांना निम्म्या भागावर सौर छप्पर सक्तीचं केलं.

मुळाक्षर

त्याच कायद्यात पुढे वाचा. निम्म्या भागावर झाडांची सावली असेल तर सूट आहे. आणि त्याखालच्या २०२४ च्या आदेशात ती झाडं कशी धरायची तेही आहे : दर तीन जागांमागे मोठ्या डेऱ्याचं किमान एक झाड, सगळीकडे सारखं वाटलेलं. हिशेब करा. तीन जागा म्हणजे ६९ चौरस मीटर. साडेसहा मीटर व्यासाचं झाड ३३ चौरस मीटर झाकतं. जवळजवळ निम्मं. आकडा हवेतून आलेला नाही. 'आठाला एक' हा आकडा कशातून आला ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

छपराला माझा विरोध नाही. मोठ्या पार्किंगच्या मधोमध छप्पर, कडेने झाडं, हे जमतं. पण छपराच्या खांबाचा पाया आणि झाडाचं आळं एकाच ठिकाणी यायला नकोत, एवढं नकाशावालींनी पाहावं.

आणि जागा जाते म्हणाल तर त्यावरही तोड आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि जेसन ग्राबोस्की यांनी १९९० च्या दशकात फरसबंदीखाली वापरायचं एक मिश्रण बनवलं. वजनाने साधारण ८० टक्के एका मापाची खडी आणि २० टक्के चिकणपोयटा. खडी खडीवर टेकून गाडीचा भार घेते, आणि मधल्या पोकळीतल्या मातीत मुळं फिरतात. वरून रोलर फिरवला तरी मुळांची जागा शाबूत. म्हणजे आळं वर लहान दिसलं तरी खाली मुळं गाड्यांच्या जागांखालून पसरू शकतात. फक्त एक धोका : त्यातली माती जेमतेम पाचवा हिस्सा असते, म्हणून तेवढंच झाड वाढवायला हे मिश्रण नुसत्या मातीपेक्षा बरंच जास्त घनमीटर लागतं. ठेकेदार दोन्ही एकच धरून घनमीटर मोजतात, तिथे डोळे उघडे ठेवा.

नकाशावाली

पटलं. आणखी एक, ब्लॉक बुंध्यापर्यंत आणू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. तो एक मीटर झाड गुदमरू नये म्हणून, वाढायला पुरतो म्हणून नव्हे. मसुद्यात 'किमान' म्हणून तो लिहायला हरकत नाही, पण तेवढ्यावर समाधान नको.

ओहोळ

पाण्यावर कुणीच बोलेना म्हणून लिहितो.

बहुतेक आळी आणि पट्टे पार्किंगपेक्षा १५ सेंटिमीटर उंच, चहूबाजूंनी कर्ब. म्हणजे झाडाला पाणी टँकरने घालायचं आणि पार्किंगवर पडलेलं पाणी गटारात सोडायचं. उलटं करा. एका गाडीच्या वाट्याच्या २३ चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ५७५ लिटर होतात. आठ गाड्यांचे ४६०० लिटर. ते पट्ट्यात जिरवलं तर झाडाचंही भागतं आणि खालच्या शेजाऱ्याच्या अंगणातही जात नाही.

करायचं काय : पट्टा पार्किंगच्या पातळीपेक्षा १५-२० सेंटिमीटर खोल, कर्बला ठरावीक अंतरावर खाच, खाचेच्या तोंडाशी दगड म्हणजे माती वाहून जाणार नाही, आणि जास्तीच्या पाण्यासाठी एक उंच तोंडाचा चेंबर. पाणी दिवसभरात जिरायला हवं. खाली काळी चिकणमाती असेल तर जिरणार नाही, तिथे तळाशी भोकाची नळी टाकावी लागते. आणि अशा पट्ट्यात झाड मध्यभागी नको, उतारावर थोडं वर लावा. पाण्यात उभं राहणं सगळ्यांनाच मानवत नाही.

जिथे बर्फ पडतो तिथल्यांसाठी : साफ केलेला बर्फ याच पट्ट्यांवर ढकलतात आणि त्यातलं मीठ झाडं मारतं. बर्फाला वेगळी जागा.

शेजारधर्म

हद्दीचे वाद सोडवण्यात माझं आयुष्य चाललंय, म्हणून 'ग'वर.

पहिलं, 'आवाज' हा शब्द खोडा. झाडीने आवाज अडतो हा फार गोड समज आहे. तीसेक मीटर रुंद दाट झाडीचा पट्टा असेल तर ५ ते ८ डेसिबलचा फरक पडतो. तुमच्याकडे दीड मीटर आहे. त्यातून गाडीचं दार आपटल्याचा आवाज तसाच येणार. सलग भिंत मात्र ऐकणारा आणि आवाज यांच्यामधली सरळ रेषा तोडण्याएवढी उंच असेल तर साधारण ५ डेसिबल कमी करते. पण खाली पाण्यासाठी फट ठेवलीत की त्यातलं बरंचसं गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला तर १.८ मीटरचा काहीच उपयोग नाही. जे नियम देऊ शकत नाही ते त्यात लिहून ठेवलं की तक्रारदाराच्या हातात कोलीत मिळतं : 'नियमात लिहिलंय, मला आवाज येतोय.'

दुसरं, १.८ मीटर कुठल्या जमिनीपासून? पार्किंगला भराव टाकून ते शेजाऱ्यापेक्षा मीटरभर उंच केलं असेल, तर शेजाऱ्याच्या बाजूने मोजलेली १.८ मीटर भिंत पार्किंगच्या बाजूने फक्त ८० सेंटिमीटर उरते, आणि दिव्यांचा झोत तिच्यावरून सरळ त्याच्या स्वयंपाकघरात. आडोसा पार्किंगच्या तयार पातळीपासून मोजा. हे एक वाक्य नसल्याने झालेले वाद मी कंटाळा येईपर्यंत ऐकलेत.

तिसरं, किमान उंची लिहिलीत, कमाल कुठे आहे? ब्रिटनमध्ये लेलँड सायप्रस नावाचं झाड वर्षाला मीटरभर वाढतं. आडोशाला म्हणून लावलं आणि शेजाऱ्याचा सूर्यच गेला. भांडणं इतकी वाढली की २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांवर वेगळा भाग घालावा लागला. २ मीटरपेक्षा उंच, सदाहरित किंवा जवळपास सदाहरित, ओळीने दोन किंवा जास्त झाडं, आणि त्यामुळे उजेड अडत असेल तर स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. मात्र आधी आपसात मिटवायचा प्रयत्न केलेला हवा. आणि परिषद २ मीटरच्या खाली छाटायला सांगू शकत नाही, उपटायला तर नाहीच. पानगळीची झाडं या कायद्यात येत नाहीत. मला ही विभागणी आवडते. उजेड बारमाही अडवणारं आणि हंगामी अडवणारं, दोन्हींना एकाच तागडीत तोलू नये.

चौथं, हद्दीपासूनचं अंतर. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत, स्थानिक नियम किंवा रूढी वेगळी नसेल तर, २ मीटरपेक्षा उंच वाढणारं झाड हद्दीपासून २ मीटर दूर, त्याहून बुटकं अर्धा मीटर दूर लावायचं असतं. तुमचा पट्टा दीड मीटरचा आणि 'दाट झाडी' हद्दीवरच. म्हणजे निम्मा डेरा कायमचा शेजाऱ्याकडे. भांडणाचं बी नियमातच पेरलंय.

उगाच_एक

अवांतर : शेजाऱ्याच्या बाजूला पडलेलं फळ कुणाचं? विचारतोय एका मित्रासाठी.

शेजारधर्म

@उगाच_एक, मित्राला सांगा, देश बदलला की उत्तर बदलतं. फ्रान्समध्ये आणि जर्मनीत आपोआप शेजाऱ्याच्या जमिनीत पडलेलं फळ शेजाऱ्याचं. हलवून पाडलेलं नाही! इंग्लंडात शेजारी आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत कापू शकतो, पण कापलेली फांदी झाडाच्या मालकाचीच राहते. जपानमध्ये पूर्वी मूळ कापता यायचं, फांदीसाठी मात्र मालकाच्या मागे लागावं लागायचं. एप्रिल २०२३ पासून मालकाला सांगूनही त्याने वाजवी मुदतीत कापली नाही तर शेजारी स्वतः कापू शकतो.

वसाहतीच्या नियमात फळाचं कलम नको, पण फांदीचं हवं : छाटणी कोण करणार, कधी, कुणाच्या खर्चाने.

सांजवात

मला रात्रीचं बोलायचंय. तुम्ही सगळे पार्किंगला बाहेरून बघताय. मी रात्री उशिरा एकटी गाडीकडे जाते तेव्हा आत बघते. चहूबाजूंनी १.८ मीटर दाट झाडी म्हणजे आत काय चाललंय ते रस्त्यावरच्या कुणालाही दिसणार नाही. तुम्हाला कुरूप गाड्या झाकायच्यात, मला माणसं दिसायला हवीत.

नकाशावालींनी दृष्टीचा त्रिकोण फक्त गेटपाशी सांगितला. माझं म्हणणं, खाली बुटकं आणि वर उंच, मधलं मोकळं, हे पायी चालण्याच्या सगळ्या वाटांना लागू करा. आडोसा फक्त तिथे, जिथे पलीकडे कुणाचं घर आहे. रस्त्याकडच्या बाजूला कशाला?

आणि दिव्याचे खांब! आमच्या इथे खांब आणि झाड एकाच आळ्यात. झाड वाढलं तसा दिवा पानांत गेला. आता खाली मिट्ट काळोख आणि वर झाड उजळून निघालेलं.

नकाशावाली

सांजवात, खांबाचं कारण सांगते. झाडांचा नकाशा एक जण काढतो, दिव्यांचा दुसरा, आणि दोघांनाही मोकळी जागा म्हणून तेवढंच आळं दिसतं. दोन्ही एकाच नकाशावर दाखवल्याशिवाय मंजुरी नाही असं लिहिलं की हे थांबतं. खांब आणि बुंधा यांच्यात पूर्ण वाढलेल्या डेऱ्याच्या निम्म्या व्यासाइतकं तरी अंतर. दिवा उंच खांबावर एकच देण्यापेक्षा बुटक्या खांबांवर जास्त दिवे दिले तर ते डेऱ्याच्या खालून उजेड देतात.

रस्त्याकडच्या आडोशाबद्दल मात्र पूर्ण सहमत नाही. रस्त्यापलीकडे खिडक्या असतात. तिथे १.२ मीटरपर्यंत दाट आणि वर मोकळं, हा मधला मार्ग आहे. उभ्या माणसाचे खांदे-डोकं दिसतं, दिवे अडतात.

सांजवात

समोर घरं असतील तिथे मान्य. बाकी ठिकाणी ६० सेंटिमीटर. यावर मी हटणार नाही.

चाकोरी

सांजवात यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि मी पार्किंगवाला म्हणून सांगतो, दाट हेजमागे सगळ्यात जास्त काय सापडतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

'घ' पटकन उरकतो. जनरेटरला हवा लागते, चारही बाजूंनी कोंडू नका. ट्रान्सफॉर्मरची दारं उघडायला पुढे मोकळी जागा सोडावीच लागते, किती ते वीज कंपनीच सांगते. तिथे झुडूप लावलंत तर त्यांचा माणूस कापून टाकतो आणि त्याचं बरोबरच असतं. कचऱ्याच्या आडोशाला दार ठेवाल तर ते सरकतं ठेवा. उघडणारं दार गाडीवाला उघडंच टाकतो.

मुळाक्षर

सगळे लावण्यावर बोलतायत. पूर्णत्वाचा दाखला मिळाला की पुढे काय? दाखल्याच्या आदल्या आठवड्यात ट्रकने मोठी झाडं येतात, बांबूला बांधतात, फोटो निघतो. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी वाळलेली.

दोन गोष्टी. एक, लावताना मोठ्ठंच झाड हवं हा हट्ट सोडा. बुंध्याच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे झाडाला रुजायला साधारण एक वर्ष लागतं असा ठोकताळा आहे. दहा सेंटिमीटर बुंध्याचं झाड चार वर्षं नुसतं सावरत बसतं, तेवढ्यात शेजारचं पाच सेंटिमीटरचं त्याला गाठतं. दोन, अनामत. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत लागवडीच्या खर्चाची हमी ठेवून घेतात आणि ठरावीक काळाने झाडं जगली का ते पाहून परत करतात. वसाहतीलाही हे जमेल.

आणि छाटणी. तारांखाली किंवा पाट्यांपुढे म्हणून झाडाचा शेंडाच उडवतात. सावलीचा सगळा हिशेब तिथेच मेला. शेंडा कापणं म्हणजे झाड तोडल्याइतकंच धरावं.

ओहोळ

शेंड्याला +१. मोठ्या पाटीपुढे उंच झाड लावायचंच नाही हे आधी ठरवलं तर कापायची वेळ येत नाही. पाटीची जागाही त्याच नकाशावर टाका.

पायवाट

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री बसून सुधारलेला मसुदा टाकतोय. जिथे तुमच्यात एकमत नाही तिथे मी निवड केली आहे, शिव्या मला.

क) रस्त्याकडचा पट्टा गाडीच्या नाकाची ७५ सेंटिमीटर सोडून पुढे १.५ मीटर. समोर राहती घरं असतील तिथे झुडपं १.२ मीटर, नसतील तिथे ६० सेंटिमीटरपर्यंत. गेटच्या दोन्ही बाजूंचा त्रिकोण आणि पायी वाटा यांच्या कडेने ६० सेंटिमीटर ते २.१ मीटर हा पट्टा आरपार मोकळा. पायवाटांसाठी १ मीटरच्या खिंडी. पट्टा पार्किंगपेक्षा खोल, कर्बला खाचा.
ख) लागवडीपासून १५ वर्षांत फरसबंदीच्या निम्म्या भागावर सावली, झाडांची किंवा छपराची. झाडाची सावली नकाशावर दाखवताना दर चौरस मीटर डेऱ्यामागे किमान ०.३ घनमीटर न दाबलेली माती दाखवावी लागेल. खडीमिश्रण वापरल्यास त्यातली फक्त माती मोजायची. बुंध्यापासून १ मीटरच्या आत फरसबंदी नाही.
ग) जिथे पलीकडे राहतं घर आहे तिथेच आडोसा. १.८ मीटर, पार्किंगच्या तयार पातळीपासून. झाडीचा असेल तर कमाल २.५ मीटर, आणि २ मीटरपेक्षा उंच वाढणारं काहीही हद्दीपासून २ मीटरच्या आत नाही. 'आवाज' शब्द काढला.
घ) चाकोरींनी सांगितल्याप्रमाणे.
च) झाडं, दिवे, पाट्या, चेंबर एकाच नकाशावर. मेलेलं झाड पुढच्या लागवडीच्या हंगामात बदलायचं. शेंडा कापणं म्हणजे झाड तोडणं. अनामत तीन वर्षं.

शेजारधर्म

'ग'मध्ये घोळ आहे. झाडीचा आडोसा २.५ मीटरपर्यंत चालेल म्हणता आणि २ मीटरपेक्षा उंच वाढणारं हद्दीपासून २ मीटरवर. म्हणजे दीड मीटरच्या जागेत झाडीचा आडोसा १.८ ते २ एवढ्याच फटीत बसणार. एकतर कमाल उंची २ करा, नाहीतर झाडीसाठी हद्दीचा पट्टा रुंद करा. भिंतवाल्यांना रुंद पट्ट्याची सक्ती नको.

पायवाट

कमाल २ मीटर करतो. सोपं आणि भांडणही कमी.

चाकोरी

'ख'मध्ये छप्पर आलं, मी खूश. पण १५ वर्षांनी मोजणार कोण? तेव्हाची समिती ही नसेल.

मुळाक्षर

१५व्या वर्षी मोजून उपयोगही नाही, तोवर काही करता येत नाही. ५व्या आणि १०व्या वर्षी डेऱ्याचा व्यास टेपने मोजा आणि नकाशावरच्या अंदाजाशेजारी लिहा. मागे पडलं असेल तर तेव्हाच माती उकरून बघता येते. आणि त्याहून महत्त्वाचं, माती भरून फरसबंदी घालण्याच्या आधी एकदा खड्डा बघायला जा. एकदा ब्लॉक बसले की खाली मुरूम आहे की माती, हे झाड मरेपर्यंत कुणाला कळत नाही.

पायवाट

'च'मध्ये टाकलं : खड्ड्याची पाहणी आणि फोटो झाल्याशिवाय फरसबंदी नाही, ५ आणि १० वर्षांनी मोजणी, अनामतीचा शेवटचा हप्ता ५व्या वर्षाच्या मोजणीनंतर. खड्डा बघायला समितीतून कोण जाणार यावर मात्र अजून एकही हात वर आलेला नाही.

उगाच_एक

मी जातो. फळझाड असेल तर.